गोव्यात बसून सामन्यांवर पैसे लावण्यासाठी कायदेशीर ॲप कोणते?

डिचोलीच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्हींचा त्याला नाद आहे आणि सामन्यांवर अधूनमधून थोडे पैसे लावावेत असे त्याला वाटते. गोव्यात कॅसिनो उघडपणे चालतात, म्हणजे मोबाईलवरचे बेटिंगही इथे कायदेशीर असणार, असे तो गृहीत धरतो आणि विश्वासाचे ॲप कोणते, ते कसे ओळखावे, हे विचारतो. मित्राने पाठवलेल्या लिंकवरून त्याने एक ॲप घेतले आहे. त्यावर कुरासावचे लायसन्स असल्याचे लिहिले आहे. त्यात त्याने काही पैसे भरले, काही जिंकले आणि आता ते काढायला गेल्यावर ॲपवाले आधी कर भरा असे सांगत आहेत. त्याचा मोठा भाऊ इंग्लंडमध्ये असतो आणि तिथे रीतसर खाते वापरतो, तेव्हा गोव्यातून त्या खात्यावर खेळले तर चालेल का, हाही त्याचा एक प्रश्न आहे.

मी गोव्यात वकिली करतो आणि गेली काही वर्षे माझ्याकडे येणाऱ्या कामात जुगाराचे खटले, गोठवलेली बँक खाती आणि सायबर तक्रारी यांचे प्रमाण बरेच वाढले आहे. त्या अनुभवावरून पहिले उत्तर स्पष्टपणे देतो. गोव्यात बसून सामन्याच्या निकालावर पैसे लावता येतील असे एकही कायदेशीर ॲप आज उपलब्ध नाही. त्यामुळे ‘कोणते निवडू’ याआधी ‘हे कायदेशीर आहे असे मला कशावरून वाटते’ हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. प्रश्नकर्त्याला तसे वाटण्यामागे जी कारणे आहेत, तीच माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतात, म्हणून ती एकेक करून तपासतो.

पहिले कारण कॅसिनोचे. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्यांच्या सूचीत, ३४ व्या नोंदीत आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. गोव्यात गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६ लागू आहे. नावात दमण आणि दीव आहे, कारण तेव्हा हे तिन्ही प्रदेश मिळून एकच केंद्रशासित प्रदेश होता. हा कायदा मुळात जुगाराला बंदी करणारा आहे. १९९२ मध्ये त्यात कलम १३अ आले आणि पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरच्या खेळांना परवानगी देण्याची वाट मोकळी झाली. पुढे जहाजांवरच्या टेबलांच्या खेळांचीही त्यात भर पडली. म्हणजे मांडवीत उभी असलेली जहाजे हा मूळ बंदीला दिलेला मर्यादित अपवाद आहे. तो अपवाद ठरावीक जागेपुरता आणि ठरावीक परवानाधारकापुरता आहे. जहाजावर रुलेट चालते म्हणून शेजारच्या फ्लॅटमध्ये सट्टा चालवता येत नाही, आणि मोबाईलवर तर मुळीच नाही. शिवाय २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोच्या खेळाच्या भागात प्रवेश करण्यास मनाई आहे. प्रश्नकर्ता ज्या परवानगीचा आधार घेतो आहे, ती गोव्याचा रहिवासी म्हणून त्याला स्वतःला लागूच होत नाही. गावात मटका सर्रास चालतो हेही अनेक जण सांगतात, पण मटका कधीच कायदेशीर नव्हता. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर चालते म्हणून तिला परवानगी आहे असे समजणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि तिची किंमत मी अनेक घरांना मोजताना पाहिली आहे.

दुसरे कारण कौशल्याचे. फँटसी ॲपवर संघ निवडणे हा नशिबाचा नव्हे तर अभ्यासाचा खेळ आहे, असे न्यायालयांनी मान्य केले होते हे खरे आहे. घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले होते, हेही खरे. नेमका हाच आधार २०२५ मध्ये बदलला. ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन आणि नियमनासाठीचे विधेयक लोकसभेत २० ऑगस्टला आणि राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाले आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. या कायद्याची व्याख्या लक्षपूर्वक वाचावी. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोन्हींचा मिळून असो, जिंकून पैसा किंवा तत्सम लाभ मिळेल या अपेक्षेने पैसे किंवा शुल्क भरून तो ऑनलाइन खेळला जात असेल तर तो पैशांचा ऑनलाइन खेळ ठरतो आणि अशी सेवा देण्यास बंदी आहे. सेवा परदेशातून चालवली जात असली आणि ती भारतात पुरवली जात असली, तरी कायदा तिला लागू आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैशांचा डाव नसलेले सामाजिक खेळ यांना मात्र त्यात मोकळीक आहे. विधेयक मंजूर होताच ड्रीम११ सारख्या मोठ्या कंपनीने आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे तिचे नावही गेले. देशात उघडपणे, पत्ता आणि कार्यालय ठेवून चालणाऱ्या कंपन्यांनी जे बंद केले, ते लिंकवरून मिळालेले एखादे ॲप कायदेशीरपणे चालवत असेल, हे संभवत नाही. या कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून स्वतःकडे घेतल्या. मात्र याचिका दाखल झाली म्हणजे कायद्याला स्थगिती मिळाली असे होत नाही, आणि ‘प्रकरण कोर्टात आहे, तोवर खेळायला हरकत नाही’ हा युक्तिवाद कोणत्याही पोलीस ठाण्यात टिकत नाही.

तिसरे कारण लायसन्सचे. कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातील एक बेट आहे आणि तिथून ऑनलाइन जुगाराची लायसन्से दिली जातात, ही वस्तुस्थिती आहे. पण परवाना देणाऱ्याचा अधिकार जिथवर चालतो तिथवरच परवाना चालतो. फोंड्याच्या नगरपालिकेने दिलेल्या परवान्यावर मडगावच्या बाजारात दुकान मांडता येत नाही, आणि इथे तर देशच वेगळा आहे. कुरासावचा कागद खरा असला तरी भारतात तो निरुपयोगी आहे. तो खरा आहे की पानाच्या तळाशी चिकटवलेले नुसते चित्र आहे, हे तर वेगळेच पाहावे लागेल. मी पाहिलेल्या अशा ॲपांमध्ये त्या चिन्हावर बोट ठेवले तर बहुधा काहीच उघडत नाही.

कोणी असेही विचारतात की सरकार यावर कर घेते, मग हे बेकायदेशीर कसे? ऑनलाइन खेळांवर ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ४० टक्क्यांवर गेला. पण जीएसटीच्या त्या दुरुस्तीतच, जुगाराला मनाई करणाऱ्या कोणत्याही कायद्यात यामुळे बदल होत नाही, असे स्पष्ट केलेले आहे. प्राप्तिकराचेही तसेच आहे. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर ३० टक्के कर बसतो, हरलेली रक्कम पगारातून वजा करता येत नाही, आणि उत्पन्न बेकायदेशीर आहे म्हणून ते करातून सुटत नाही.

आता शिक्षेबद्दल, कारण प्रश्नकर्त्याने शब्दांत विचारले नसले तरी ‘मला काय होईल’ हे त्याला जाणून घ्यायचे आहे. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. केंद्राच्या २०२५ च्या कायद्यात जो फक्त खेळतो त्याला कोणतीही शिक्षा ठेवलेली नाही. सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पैशांचे व्यवहार पार पाडून देणाऱ्याला पुन्हा तीन वर्षे आणि एक कोटीपर्यंतची तरतूद आहे. हे ऐकून अनेकांना हायसे वाटते. पण खेळणारा आणि मदत करणारा यांच्यातली रेषा फार बारीक आहे. मित्राने जी लिंक पाठवली, तिच्यात बहुतेक वेळा त्याचा रेफरल कोड असतो आणि तुम्ही भरलेल्या पैशांवर त्याला वाटा मिळतो. तीच लिंक तुम्ही कारखान्यातल्या व्हॉट्सॲप गटात टाकली की तुम्ही केवळ खेळणारे राहत नाही, दुसऱ्यांना या खेळाकडे ओढणारे ठरता. शिवाय राज्याचा १९७६ चा कायदाही आहेच आणि जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेल्या माणसाला तो सोडत नाही. आयपीएलच्या हंगामात पर्वरी, कळंगुट, कांदोळी या भागांत भाड्याच्या बंगल्यांवर गोवा पोलिसांच्या धाडी पडतात आणि लॅपटॉप, मोबाईल, सिमकार्डे आणि पासबुकांचे गठ्ठे सापडतात, हे वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. त्या पासबुकांवर नावे कुणाची असतात, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

खरा धोका मला तिथेच दिसतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. भारतातील बँका आणि पेमेंट कंपन्यांना या व्यवहारांना हात लावता येत नाही. मग ॲपमध्ये पैसे जातात कसे? तुम्ही पैसे भरण्याचे बटण दाबता, एक क्यूआर कोड येतो आणि यूपीआयवर पैसे पाठवताना समोर नाव दिसते. त्या नावाकडे नीट पाहा. ते ॲपचे नाव कधीच नसते. एका अशिलाचे बँकेचे विवरणपत्र मी ओळीने वाचले, तेव्हा त्यात एकाच आठवड्यात भरलेले पैसे कधी परराज्यातील कोणा व्यक्तीच्या नावे, कधी भाजीपाल्याच्या व्यापाराच्या नावे, तर कधी कपड्यांच्या दुकानाच्या नावे गेलेले होते. जिंकलेले पैसे परत आले, तेही अशाच अनोळखी खात्यांतून आले होते. ही खाती भाड्याने घेतलेली असतात आणि त्याच खात्यांतून डिजिटल अटक, बनावट शेअर गुंतवणूक अशा फसवणुकींचे पैसेही फिरवले जातात.

मग होते ते असे. दुसऱ्या राज्यातील एखादी फसलेली व्यक्ती १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करते. तिचे पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले याचा माग काढला जातो आणि साखळीतल्या खात्यांवर बँक लीन लावते, म्हणजे वादातील रक्कम अडवून ठेवते, किंवा खाते पूर्ण गोठवते. तुमच्या खात्यात विड्रॉल म्हणून आलेले दोन हजार रुपये त्या साखळीचा भाग असले, की पगाराचे खाते बंद होते. हे बहुधा एटीएमवर किंवा औषधाच्या दुकानात पैसे देताना लक्षात येते. शाखेत गेल्यावर एक तक्रार क्रमांक आणि बाहेरच्या राज्यातील पोलीस ठाण्याचे नाव मिळते आणि त्यापुढचा पत्रव्यवहार तुम्हाला करावा लागतो. पोलिसांना ही जप्ती करण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली आहे. खाते सोडवता येते, विशेषतः वादातील रक्कम लहान असेल आणि बाकीचे पैसे पगाराचे असल्याचे दाखवता आले तर. पण ते पैसे कशाचे होते या प्रश्नावर तपास अधिकाऱ्याला बेटिंगचे असे उत्तर द्यावे लागते, आणि हे उत्तर लेखी देताना माणसाची काय अवस्था होते ते मी जवळून पाहिले आहे.

याच कारणासाठी एक विनंती आवर्जून करतो. महिन्याला काही हजार देतो, तू फक्त खाते उघडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे दे, असे कोणी सांगितले तर नात्यातला माणूस असला तरी नकार द्या. तिथे तुम्ही थेट आरोपी होता, आणि मला पैसे कशाचे ते माहीत नव्हते हे सिद्ध करण्यात तरुणपणाची वर्षे जातात.

इंग्लंडमधल्या भावाचा प्रश्न वेगळा आहे आणि गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी परदेशात असल्यामुळे तो महत्त्वाचाही आहे. ब्रिटनमध्ये क्रीडा बेटिंग कायदेशीर आहे. तिथे २००५ च्या कायद्याखाली गॅम्बलिंग कमिशन हे नियामक मंडळ काम करते. तिथे राहणाऱ्याने ॲप कसे निवडावे याला मात्र नेमके उत्तर आहे. कमिशनच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची सार्वजनिक नोंदवही आहे. ॲपवर दिलेला परवाना क्रमांक तिथे शोधावा, कंपनीचे नाव जुळते का ते पाहावे, परवाना चालू आहे की निलंबित ते पाहावे, आणि ॲप ज्या संकेतस्थळाचे आहे ते संकेतस्थळ त्या परवान्याखाली नोंदलेले आहे का, हेही पाहावे. ही शेवटची पायरी लोक हमखास वगळतात आणि नकली ॲपे तिथेच उघडी पडतात. खऱ्या परवानाधारकाकडे खेळण्याआधी वय आणि ओळख तपासली जाते, क्रेडिट कार्डाने पैसे लावता येत नाहीत, कारण एप्रिल २०२० पासून त्यावर बंदी आहे, आणि स्वतःला सगळ्या परवानाधारक संकेतस्थळांवरून बाहेर ठेवण्याची गॅमस्टॉप नावाची सोय आहे. यांपैकी काहीच विचारले जात नसेल तर भावानेही त्या ॲपपासून दूर राहावे.

पण ते खाते भावाचे आहे आणि तो तिथे राहतो म्हणून आहे. गोव्यातून त्याचा पासवर्ड वापरून किंवा व्हीपीएन लावून खेळलात तर दुसऱ्याचे खाते वापरणे आणि ठिकाण लपवणे अशा दोन अटी एकाच वेळी मोडतात. कंपनी खाते बंद करून जिंकलेली रक्कम रोखू शकते आणि तक्रार करायला भावाकडेही बाजू उरत नाही. त्याला इथून पैसे पाठवणे तर आणखी अडचणीचे आहे. परकीय चलनाच्या चालू खात्याच्या व्यवहारांविषयीच्या २००० च्या नियमांत लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक्स आणि फुटबॉल पूल यांसाठी परदेशी पैसे पाठवण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि बँकेत उद्देश म्हणून कुटुंबाचा खर्च असे खोटे लिहिणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आखातातल्या नातेवाइकांच्या बाबतीत तर हा विचारच करू नये. कुवेतमध्ये जुगार बेकायदेशीर आहे आणि तिथे सापडलेल्या माणसाची नोकरीही धोक्यात येते.

उरतो तो अडकलेल्या पैशांचा प्रश्न. ‘जिंकलेल्या रकमेवर आधी ३० टक्के कर भरा, मग पैसे सोडू’ ही मागणी फसवणुकीची ठळक खूण आहे. कर खरोखर कापायचा असता तर तो देय रकमेतूनच कापून उरलेली रक्कम तुमच्या हाती आली असती. कोणताही कर एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर आगाऊ भरला जात नाही. तो भरलात तर त्यानंतर पडताळणी शुल्क, मग खाते सक्रिय करण्याचे शुल्क अशी मागणी येत राहील. जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करावी म्हटले तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० आड येते, कारण पैजेचा करार त्यानुसार शून्य, म्हणजे कायद्याने अंमलात आणता न येणारा, आहे आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. पडद्यावर दिसणारा आकडा म्हणूनच तुमचा नाही, असे धरून चाला. कर किंवा शुल्क म्हणून फसवून घेतलेली रक्कम ही मात्र फसवणूक आहे आणि तिची तक्रार करता येते.

आता करण्याच्या गोष्टी. यापुढे एक रुपयाही भरू नका. ॲप लगेच काढून टाकू नका. आधी शिल्लक, कराची मागणी, चॅट आणि प्रत्येक भरण्याच्या वेळी दिसलेले यूपीआयचे नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि बँकेतून त्या काळाचे विवरणपत्र काढा. त्यानंतर १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर नोंदवाल तितकी समोरच्या खात्यात पैसे शिल्लक असण्याची शक्यता जास्त. तक्रारीत बेटिंगचा उल्लेख लपवू नका, कारण केंद्राच्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही आणि लपवलेली गोष्ट पुढे विवरणपत्रातून दिसतेच. लिंकवरून घेतलेली अशी ॲपे बहुधा प्ले स्टोअरच्या बाहेरची एपीके फाइल असतात आणि एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात. त्यामुळे पुरावे घेऊन झाल्यावर ॲप काढा, यूपीआयचा पिन बदला आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची अनोळखी मंजुरी दिसली तर ती रद्द करा. पगाराचे खाते या व्यवहारांत वापरले गेले असेल तर कंपनीला सांगून पगार दुसऱ्या बँकेतील खात्यात वळवून घ्या, म्हणजे उद्या हे खाते गोठले तरी घरखर्च थांबणार नाही. आणि हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे लावण्याची ओढ आवरत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोला किंवा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा. तिथल्या डॉक्टरांना ही गोष्ट नवीन नाही.